फिके ओठ

बुका, ११ मार्च २०२३

अगं स्कोला,

तार्सिसिउसची गाडी उद्या तुमच्या डोंगराकडे निघतेय, म्हणून हे घाईने लिहितेय. तुमच्या कोवेरा खोऱ्यात फोनचा मनोरा उभा राहीपर्यंत आपण दोघी मातीत गेलेल्या असू, तेव्हा कागदच बरा. शाळेत सिस्टरांनी छड्या मारून मारून आपलं अक्षर वळणदार केलं, ते कुठे तरी कामी यायला नको का?

तू म्हणशील, सभागृहात जाऊन बसल्यावर आज बरी आठवण झाली या बयेला. म्हण. पण इथली तऱ्हा काय सांगू तुला! बायकांच्या राखीव खुर्चीवर मी बसते, तर पाय जमिनीला टेकत नाहीत. प्रत्येक पुरुष उठतो आणि म्हणतो, "आपल्या बेटावर जमीन आईकडून मुलीकडे जाते, म्हणून आधी आयांनी बोलावं." आणि आम्ही बोलायला तोंड उघडलं की नेमकी चहाची सुट्टी होते.

स्वातंत्र्यासाठी मत देऊन बाहेर आलो तेव्हा आपण दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून कशा रडलो होतो, आठवतं? मला वाटलं, झालं, आता आपलं बूगनविल बेट देश झालं. मत देणं हे सगळ्यात सोपं काम होतं हे आता कळतंय. शिक्षकांचे पगार थकलेत. दवाखान्यांत इंजेक्शनं नाहीत. रस्ता करायचा तर डांबर दुसऱ्याकडे मागायचं. रोज सकाळी उठून मी देश बांधायला जाते आणि संध्याकाळी चार ठराव घेऊन परत येते.

बरं, एक सांगायचं होतं. पुढच्या महिन्यात मी तुझ्याकडे येतेय. बरोबर तीन-चार माणसं असतील, खोरं बघायला. नुसतं बघायला. तू फार घाट घालू नकोस, शहाळी पुरेत. सुपारी मात्र तुझ्याच झाडाची हवी. इथल्या बाजारातली चावायची म्हणजे लाकूड चावायचं. माणसं कोण, कुठली, ते आल्यावर बोलू.

आमचा क्लेमेन्स बरा आहे. मागच्या शनिवारी तुमच्या बाजारात आला होता ना? तू त्याच्या झोळीत रताळी घातलीस आणि तुझी पोरं त्याला मामा म्हणून हाक मारून गेली, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

तुझीच,
अपो

बुका, २४ एप्रिल

स्कोला,

कशी आहेस? पायाची सूज उतरली का? तुझ्याकडून परतल्यापासून रोज लिहीन लिहीन म्हणतेय आणि रोज कसली ना कसली सभा निघते.

तुझा पाहुणचार सगळ्यांना फार आवडला. कुटलेल्या अळकुड्या आणि नारळाचं दूध, त्या गोऱ्या माणसाने तीनदा मागून खाल्लं, तू पाहिलंसच. गाडीत परत येताना तो तेच बोलत होता. आमच्या खोरे-विकास समितीचे अध्यक्ष इग्नास, ते कधी कोणाचं कौतुक करत नाहीत, तेही म्हणाले, "बाई मोठ्या मनाची आहे."

फोटो पाठवतेय. पेपरात आलाय, अगं! तू मधे, मी तुझ्या डावीकडे, दोघींचे ओठ लालभडक. तुझ्या कपाळावर केस आलेत, पण छान दिसतेस. कागद खालून कापलेला दिसेल. खाली काहीतरी छापलं होतं, शाई फुटली होती, म्हणून मीच कात्री लावली. पेपरवाल्यांना काहीतरी लिहावंच लागतं, तू मनावर घेऊ नकोस.

सोबत तांदळाचं पोतं आहे, मासळीचे डबे आहेत, आणि तुला एक लुगडं घेतलंय, निळं, मोठ्या फुलांचं. एवढं कशाला म्हणू नकोस. सभासद झाले तर मैत्रिणीसाठी एवढंही करू नये का?

ओढ्याच्या वरच्या अंगाला कोणी मोजमाप करायला आलं, लाल फिती बांधल्या, तर घाबरू नकोस. ते नुसतं मोजतात. त्यात काही नाही. मोजल्याशिवाय काय आहे ते कसं कळणार?

लवकर उत्तर पाठव. तार्सिसिउस गुरुवारी परत येतो.

अपो

बुका, १९ जून

स्कोला,

पोतं परत आलं.

तार्सिसिउसने ते माझ्या दारात उतरवलं, वर डबे, वर ते लुगडं, घडीसुद्धा न मोडलेलं. मी विचारलं, "काय म्हणाली ती?" तो मान खाली घालून दोरी गुंडाळत राहिला. मी म्हटलं, "अरे, मुका झालास का?" तेव्हा म्हणाला, "मावशी, त्यांनी पोतं उघडलंच नाही. म्हणाल्या, जिची माणसं आहेत तिनेच त्यांना खाऊ घालावं." आणि मग त्याने पोत्याखालून पेपर काढून दिला. आख्खा पेपर. खालच्या मजकुरासकट. तुझ्यापर्यंत तो पोहोचणार नाही असं मला का वाटलं होतं, देव जाणे. डोंगरात वाटाणे गुंडाळून जायलासुद्धा पेपरच लागतो.

तर मग तू वाचलंस. "कोवेरा खोऱ्याची जमीन सांभाळणाऱ्या भूमिमातेने खाण कंपनीच्या पाहुण्यांसोबत सुपारी चावून संमती दिली."

आता माझंही ऐक. मी हे पैशासाठी केलं नाही. एक पैसा घेतला असेल तर माझी जीभ झडो. तुला तिकडे खोऱ्यात बसून काही दिसत नाही. मागच्या महिन्यात एका बाळंतिणीला होडीत घालून सामुद्रधुनी ओलांडून इकडे आणावं लागलं, कारण त्या बाजूला रक्त द्यायची सोय नाही. दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर तिने जीव सोडला, स्कोला. तिच्या आईने मला ओळखलं. "तू सभागृहात असतेस ना?" एवढंच विचारलं. मी काय उत्तर देऊ? रताळ्यांवर आणि गाण्यांवर देश चालतो का? उद्या झेंडा वर चढेल, आणि खाली उभ्या असलेल्या मास्तरांना पगार कोण देणार? तुझ्या ओढ्याखाली जे पिवळं पडलंय ते असंच पडून राहिलं तर कोणाचं भलं होणार आहे?

वरच्या डोंगरात जुन्या खाणीने काय केलं ते मला सांगू नकोस. तो खड्डा मीही पाहिलाय, ती निळसर नदी मीही पाहिली आहे. त्यातूनच तर युद्ध पेटलं. पण तेव्हा परके लोक घेऊन जात होते. आता आपलं आपण ठरवणार, हा फरक आहे की नाही?

तू दोन ओळी लिहायला हव्या होत्यास. शिव्या दे, पण लिही. पोतं परत पाठवणं हे फार झालं. शेजारणींनी बघितलं, सगळ्या गल्लीत झालं.

अपोलोनिया

बुका, ८ ऑगस्ट

स्कोला,

मागचं पत्र फाडून टाकलं असशील तर बरं केलंस. नसशील तर आता फाड.

दोन महिने मी स्वतःशीच भांडतेय. रोज नवा मुद्दा काढते, दवाखाना, मास्तर, रस्ता, आणि सगळे मुद्दे खरेच असतात. पण ज्याला काही लपवायचं नसतं त्याला इतके मुद्दे लागत नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई मी. पहिल्या पत्रात "नुसतं बघायला" लिहिलं तेव्हाच मला माहीत होतं की ती माणसं कशाला येतायत.

तुझ्याकडे येताना गाडीत काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगते.

शेवटचा चढ लागला तेव्हा इग्नास मागे वळून म्हणाले, "कागदाची घाई नको. त्या बाईने एकदा आपल्याबरोबर सुपारी चावली की अर्धं काम झालं. लोकांना फोटो दाखवायचा. आपल्याकडे त्यापुढे कोण बोलतो?"

मी म्हणाले, "ती माझ्याबरोबर चावेल. तुमच्याबरोबर कशाला चावेल?"

"मग तू मधे बस," ते म्हणाले.

आणि मी मधे बसले. स्कोला, पंचवीस वर्षांपूर्वी त्याच ओढ्यावर, त्याच पुलाजवळ आपण दोघी मधे उभ्या राहिलो होतो. एका बाजूला तुमचे डोंगरातले बंडखोर, दुसऱ्या बाजूला आमच्या किनाऱ्याकडचे, आणि मधे आपण दोघी हातात शांततेची हिरवी पानं धरून. "आधी आम्हाला मारा," असं तू ओरडली होतीस. मी नुसती तुझा हात धरून होते. तेव्हा मधे उभं राहणं वेगळं होतं. या वेळी मी मधे बसले ते फोटो नीट यावा म्हणून.

तू पायरीवर शहाळी सोलत होतीस. आम्हाला बघून कोयता खाली टाकलास आणि धावत आलीस. माझा चेहरा दोन्ही हातांत धरलास. "किती वाळलीस गं! सभागृहात जेवायला देत नाहीत का?" मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलंस आणि आपल्या भाषेत, त्या गोऱ्याला कळू नये म्हणून, हळूच विचारलंस, "अपो, ही कोण माणसं?"

मी म्हणाले, "माझी माणसं."

एवढंच. दोन शब्द. तेव्हा मी सांगू शकले असते, ही कंपनीची माणसं आहेत, तुझ्या ओढ्याखालचं सोनं शोधायला आलीत, नको असेल तर आत्ताच सांग. तू शहाळी दिली असतीस आणि सुपारी दिली नसतीस. इतकं साधं होतं. पण मी "माझी माणसं" म्हणाले, आणि माझी माणसं म्हटल्यावर तू झाडावरून ताजा घड उतरवायला लावलास.

तो गोरा, बिचारा, चुना चमचाभर घेऊन बसला. जीभ भाजल्यावर कसा नाचला! तुझे डोळे पाण्याने भरले हसून हसून. "अरे, घोट घे, घोट घे! याच्या आईने याला काहीच शिकवलं नाही का?" तू त्याच्या तोंडाला शहाळं लावलंस. इग्नास गालातल्या गालात हसत होते. मीही हसले. फोटोत मी हसतेय ती खरी हसतेय, हेच मला सहन होत नाही. फार छान दिवस गेला गं तो. तुझ्या अंगणात बसून मला वाटलं, बघा, कसं सगळं जमून आलं. नंतर सभागृहात टाळ्या वाजल्या तेव्हाही मला आवडलं. खोटं कशाला बोलू? पहिल्यांदाच त्यांनी चहाची सुट्टी न घेता माझं ऐकलं.

सभापतींनी विचारलं होतं, "भूमिमातेने सुपारी चावली का?"

मी म्हणाले, "चावली."

शब्द खरा होता. त्याच्यासारखं खोटं मी जन्मात बोलले नाही.

आणि आपल्या दोघींत सुपारी म्हणजे काय आहे ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? दगडाखाली पुरलेलं बोलायचं नाही ही रीत आहे. आज एकदाच मोडते, कारण न मोडता मला माझी चूक लिहिताच येणार नाही. युद्धात माझ्या भावाने, क्लेमेन्सने, तुझ्या भावाला, मातेउसला मारलं. आणि युद्ध संपल्यावर तू डोंगरातून खाली आलीस, माझ्या आईच्या दारात. पुरुषांनी बाण मोडले, तुमच्या ओढ्याकाठी खड्ड्यात टाकले, वर तो दगड रोवला. मग तू एक सुपारी दातांनी फोडलीस, अर्धी मला दिलीस, आणि आपण चावली. तेव्हापासून क्लेमेन्स तुमच्या बाजारात जातो. तेव्हापासून तो जिवंत आहे असं म्हटलं तरी चालेल.

त्याच तोंडाने मी सभागृहात "चावली" म्हणाले.

अपो

बुका, २ ऑक्टोबर

स्कोला,

मी सुपारी सोडली आहे.

आपल्या आयांची रीत तुला माहीत आहे. जो सुपारी चावून फसवतो, त्याने ज्याला फसवलं तो आपल्या हाताने देईपर्यंत तोंडाला सुपारी लावायची नाही. आणि कोणी विचारलं तर खरं कारण सांगायचं. लहानपणी मला वाटायचं, यात काय शिक्षा? एक सुपारी तर सोडायची. आता कळलं. आपल्याकडे माणूस "कसा आहेस" म्हणायच्या आधी सुपारी पुढे करतो. दिवसभरात किती हात पुढे आले आणि मी किती वेळा नको म्हटलं, विचारू नकोस.

पहिले काही दिवस मी तिथेही लबाडी केली. म्हणे, दात दुखतोय. म्हणे, डॉक्टरांनी मना केलंय. मग एक दिवस बाजारात सुपारी विकणाऱ्या त्या फेलिस्तासने मला हटकलं. "डॉक्टर सगळ्यांनाच मना करतात बाई, ऐकतं कोण? ओठ बघ तुझे, सोललेल्या अळकुडीसारखे झालेत. खरं सांग, कोणाला फसवलंस?"

चार बायका ऐकत होत्या. मी सांगितलं. सगळं सांगितलं, "माझी माणसं" पर्यंत. फेलिस्तासने ऐकून घेतलं, घडावरची माशी हाकलली आणि म्हणाली, "तुला मत दिलं होतं मी." बस. दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं. आता कोणी सुपारी पुढे करत नाही. मी आले की हात मागे घेतात.

मग क्लेमेन्स आला. होडीने आला, ओला झालेला, आणि माझ्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसला.

"ताई, रस्ता दगडावरून जाणार म्हणे."

"कोण म्हणालं?"

"खुंट्या ठोकल्यात. मी लांबून पाहिलं. बुलडोझर पुलाच्या अलीकडे येऊन उभा आहे." मग हातांकडे बघत म्हणाला, "दगड हलला तर खालचं वर येणार. तिची पोरं मोठी झालीत. मारलेल्या मामाचं देणं भाच्यांवर असतं. त्यांना नको असलं तरी. मला मामा म्हणतात गं ती दोघं."

"तू तिकडे जाऊ नकोस सध्या," मी म्हणाले.

"मी जाणारच नाही. पण मग ती पोरं इकडे येतील."

समितीच्या नकाशात तो दगड नव्हताच, स्कोला. नकाशा माझ्यासमोर टेबलावर पसरला होता. मी सही केली तेव्हा ओढ्याची निळी रेघ बघितली, आणि इथेच कुठेतरी दगड आहे हे मनात येऊन गेलं. मी मूग गिळून बसले. म्हटलं, अभियंते बघून घेतील. अभियंत्यांना तो दगडच वाटणार, दुसरं काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी मी सभागृहात उभी राहिले. पुढचं बाक धरलं. मी म्हणाले, "त्या दिवशी कोवेऱ्याच्या भूमिमातेने सुपारी माझ्यासाठी फोडली. कंपनीसाठी नाही. मी तिला 'माझी माणसं' म्हणून सांगितलं, म्हणून तिने फोडली. तिने कशालाच हो म्हटलेलं नाही. खोटं मी बोलले. माझ्या ओठांकडे बघा."

एवढा गोंधळ झाला की मागच्या बाकावरचा एक म्हातारा उठून उभाच राहिला. कोणी ओरडलं, "लाज नाही वाटत?" वाटत होती, म्हणून तर उभी होते.

इग्नास मात्र ओरडले नाहीत. बाहेर ओट्यावर गाठलं मला. फार दमलेले दिसत होते. म्हणाले, "अपोलोनिया, तुझ्या लाजेतून मास्तरांचे पगार निघणार आहेत का? दवाखाना निघणार आहे का? मला सांग, कुठून आणू मी?" ते वाईट माणूस नाहीत, हेही तुला सांगायला हवं. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, नुसतं मधे बसायला सांगितलं होतं. बाकीचं मी आपणहून केलं.

काम थांबवलंय. रद्द नाही, थांबवलंय. खोऱ्यातल्या सगळ्या आयांना एकत्र बसवून, काय खणणार, कुठे खणणार, पाणी कुठे जाणार हे सगळं आपल्या भाषेत सांगून मग विचारायचं असं ठरलं. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, तुमचं तुम्ही ठरवा. मी समिती सोडली आहे. खुर्ची अजून आहे, पुढच्या निवडणुकीत ती फेलिस्तास घेऊन टाकील.

बुलडोझर अजून पुलाशी उभा आहे, दगड जागेवर आहे. मी येतेय. तू दार उघडलं नाहीस तरी येतेय.

अपो

कोवेरा, दगडाजवळ, ६ नोव्हेंबर

स्कोला,

हसशील तू. मी तुझ्या मळ्याच्या कडेला बसून तुलाच पत्र लिहितेय. तू समोरच्या उतारावर वाकून काम करतेस, तुझी पाठ मला दिसते. पण फसवणाऱ्याने आधी बोलायचं नाही, ही रीत. आणि मी गप्प बसू शकत नाही हे तू शाळेपासून जाणतेस. म्हणून लिहितेय. उठताना हे तुझ्या पायरीवर, चुना ठेवायच्या भोपळ्याखाली ठेवीन.

रीतीप्रमाणे भरपाईचा डुक्कर आणलाय. चांगला धष्टपुष्ट आहे, पण महा द्वाड. होडीत तार्सिसिउसच्या मांडीवर बसला आणि चढावर मला ओढत घेऊन आला. वाटेत तुमच्या शेजारणी दारात उभ्या होत्या. एकीने विचारलं, "कोण कोणाला घेऊन चाललंय?" सगळ्या हसल्या. मला बरं वाटलं, निदान कोणी माझ्याकडे बघून हसलं तरी.

काल दिवसभर बसले. तू तीनदा माझ्याजवळून पाणी आणायला गेलीस. पहिल्यांदा मी मान खाली घातली. दुसऱ्यांदा वर बघितलं, तर तू समोर बघत होतीस, मी म्हणजे जणू कुंपणाचा खुंट. तिसऱ्यांदा तुझं पाणी थोडं सांडलं. ते मुद्दाम होतं का, हे मी रात्री तुझ्या चुलतबहिणीकडे झोपले तेव्हा विचार करत राहिले. तिने जेवायला घातलं, पण सुपारी दिली नाही. बरोबर केलं.

तुझी पोरंही आली होती. दगडापाशी उभी राहिली. मोठ्याने खुंटी बघितली, पायाने हलवली, आणि उपटून ओढ्यात फेकली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मामाला सांग, दगड आहे तिथेच आहे." मला उत्तर द्यायची मुभा होती की नाही कोण जाणे. मी मान डोलावली. नंतर खूप रडले. क्लेमेन्सला हे मी तोंडाने सांगणार आहे, कागदावर नाही.

मला तुझ्याकडून काही नको, असं लिहिणार होते. तेही खोटं ठरेल. मला तुझ्या हातची सुपारी हवी आहे. तू मला "काय गं सटवे" म्हणून हाक मारावीस असं वाटतं. देशाचं काय व्हायचं ते होईल, तो बांधायला दुसऱ्या बायका आहेत, माझ्याहून चांगल्या. पण ज्या बाईने माझ्या भावाला जिवंत ठेवलं, तिलाच मी दोन शब्दांत विकलं, हे घेऊन मी म्हातारी व्हायचं कसं, हे मला कळत नाही.

थांब, तू इकडेच येतेयस.

पत्र अर्धं राहिलं होतं, आता पुन्हा लिहितेय. हात मातीचे आहेत, डाग पडले तर माफ कर.

तू येऊन माझ्यासमोर उभी राहिलीस. घामाने डबडबलेली, हातात कोयता. तुझ्या झोळीत वरच सुपाऱ्या होत्या, हिरव्यागार, आजच उतरवलेल्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मग पटकन नजर काढून घेतली. ते तुझ्या लक्षात आलं.

"कालपासून माझ्या रताळ्याच्या वेलावर बसलीयेस," तू म्हणालीस.

मी सरकले. खरंच वेल होता. चुरगळला होता.

तू किती तरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता थुंकशील. थुंकली असतीस तरी चाललं असतं.

"ओठ फिके पडलेत तुझे."

मी मान हलवली.

"अजून पडू देत," तू म्हणालीस, आणि कोयता माझ्यापुढे जमिनीत रोवलास. "बसायचंच असेल तर तण तरी काढ. दगडाभोवतीचं आधी. आणि तो डुक्कर बांध नीट, माझे कंद उकरतोय."

मग वळून उतारावर गेलीस. मागे बघितलं नाहीस.

तण फार माजलंय, दगड अर्धा झाकलाय. कोयता बोथट आहे, ओढ्यावर जाऊन धार लावून आणते.

अपो